विश्लेषण: १५४ जीबीचा गेम २३ जीबीत कसा बसला? गेमचा डेटा साठवण्याचं गणित, उरणच्या कंटेनर यार्डातून

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला आलेली एक बातमी वाचून कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या अनेकांनी आकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला असेल. 'हेलडायव्हर्स २' हा गेम कॉम्प्युटरवर तब्बल १५४ जीबी जागा घेत होता. तो बनवणाऱ्या स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओने जाहीर केलं, की आता तोच गेम साधारण २३ जीबीत मावेल. म्हणजे थेट १३१ जीबींची बचत. आणि त्यासाठी गेममधली एकही लढाई किंवा एकही शस्त्र कमी केलेलं नाही.

१३१ जीबी म्हणजे किती? मोबाइलवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर एवढा डेटा उतरवायला ८७ दिवस लागतील.

मग इतके दिवस ही जागा कशाने भरली होती? गेमचा डेटा साठवण्याच्या पद्धतीने एवढा फरक कसा पडतो? आणि नवी मुंबईत, पनवेलमध्ये, उरणमध्ये बसून गेम बनवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी यात काय आहे? सोप्या भाषेत समजून घेऊ.

नेमकं काय झालं होतं?

ही जागा भरली होती त्याच त्या फाइलींच्या प्रतींनी. आणि हे चुकून झालेलं नव्हतं, ठरवून केलेलं होतं.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरागरा फिरत असते आणि एक छोटी सुई तिच्यावरून डेटा वाचते. हवा असलेला डेटा तबकडीवर दहा ठिकाणी विखुरलेला असेल, तर सुईला दहा वेळा जागा बदलावी लागते. अशी प्रत्येक उडी सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा वेळ खाते. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण एका मोहिमेसाठी हजारो तुकडे गोळा करायचे असतील, तर खेळाडू स्क्रीनकडे बघत बसून राहतो.

यावर जुना उपाय असा: एका मोहिमेला लागणारं सगळं सामान तबकडीवर एकाच जागी, ओळीने ठेवायचं. एखादं झाड किंवा दगड दहा मोहिमांत लागत असेल, तर त्याच्या दहा प्रती ठेवायच्या. जागा जास्त जाते, पण वेळ वाचतो. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडीच नसते. त्यामुळे तिथे या प्रतींचा फारसा उपयोग नसतो.

स्टुडिओच्या म्हणण्यानुसार, त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाडूंपैकी साधारण ११ टक्केच अजून जुनी हार्ड डिस्क वापरतात. प्रती काढून टाकल्या तर त्यांचा गेम उघडायला कित्येक पट वेळ लागेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. हा अंदाज उद्योगातल्या सर्वसाधारण आकडेवारीवरून बांधलेला होता. प्रत्यक्षात मोजल्यावर फरक निघाला फक्त काही सेकंदांचा. कारण बहुतेक वेळ फाइल वाचण्यात जात नव्हता, तो मोहिमेचा नकाशा तयार करण्यात जात होता आणि दोन्ही कामं एकाच वेळी चालू असायची.

थोडक्यात, जागा देऊन वेळ विकत घेतला होता. पण तो सौदा स्वस्त आहे की महाग, हे कुणी मोजलंच नव्हतं.

उरणमध्ये हाच प्रश्न रोज पडतो

जागा आणि वेळ यांच्यातला हा सौदा डोळ्यांनी पाहायचा असेल, तर उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदराचं उदाहरण घ्यावं. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर, म्हणजे जेएनपीए, देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. उरणमधल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी बंदरात, कंटेनर यार्डात किंवा सीएफएसमध्ये कामाला असतं. त्यांना पुढची गोष्ट नवी नाही.

जहाजातून उतरलेले कंटेनर यार्डात एकावर एक रचले जातात. जितके थर जास्त, तितकी जमीन कमी लागते. पण तळाचा कंटेनर न्यायला ट्रक आला, तर वरचे सगळे आधी बाजूला काढून ठेवावे लागतात. क्रेन फिरते, डिझेल जळतं, ट्रकवाला रांगेत थांबतो आणि एवढं करूनही माल एक इंचही पुढे सरकलेला नसतो. याउलट सगळे कंटेनर जमिनीवर एकेकटे ठेवले, तर कुठलाही कधीही उचलता येईल. फक्त त्यासाठी अख्खा उरण तालुका पुरणार नाही.

म्हणून यार्डात रचना ठरते ती माल बाहेर कसा जाणार, यावर. निर्यातीचे कंटेनर कुठल्या जहाजावर, कुठल्या बंदरासाठी आणि किती वजनाचे आहेत, हे आधी माहीत असतं. ते त्या हिशेबाने रचता येतात. आयातीचा कंटेनर घ्यायला ट्रक नेमका कधी येईल, याचा मात्र भरवसा नसतो. त्यामुळे दोघांची रचना वेगळी असते.

गेमच्या डेटाचंही असंच आहे. तो किती जागा घेतो हा प्रश्न नंतरचा. तो पुन्हा कसा आणि किती वेळा काढावा लागणार, हा पहिला प्रश्न.

१९८ कोटी वेळा केलेली फुकटची तपासणी

हा पहिला प्रश्न विचारला नाही तर काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे 'जीटीए ऑनलाइन'. २०१३ साली आलेला हा गेम कॉम्प्युटरवर उघडायला कित्येक मिनिटं लागतात, अशी खेळाडूंची वर्षानुवर्षं तक्रार होती. २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीस एका प्रोग्रामरने स्वतःच्या घरी बसून याचं कारण शोधून काढलं. कंपनीचा मूळ कोड त्याच्याकडे नव्हता. चालू गेम नेमका कुठे वेळ घालवतो, हे त्याने मोजलं.

गेम सुरू होताना साधारण १० एमबीची एक फाइल वाचत होता. त्यात गेममधल्या विकत घेता येणाऱ्या सुमारे ६३ हजार वस्तूंची यादी होती. यात दोन चुका होत्या.

पहिली चूक: फाइलमधली प्रत्येक छोटी नोंद वाचताना उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. पुस्तकाचं प्रत्येक पान उलटताना 'अजून किती पानं उरली' हे शेवटपर्यंत मोजत बसावं, तसं.

दुसरी चूक साठवण्याच्या पद्धतीतली. वस्तू एका साध्या रांगेत ठेवल्या जात होत्या. नवी वस्तू आली, की ती आधीच रांगेत आहे का, हे पाहण्यासाठी आधीच्या प्रत्येक वस्तूशी तिची तुलना व्हायची. दुसऱ्या वस्तूला एक तुलना, तिसरीला दोन, शेवटच्या वस्तूला जवळपास ६३ हजार. सगळी बेरीज होते सुमारे १९८ कोटी तुलना. आणि यादीत एकही वस्तू दोनदा आलेली नव्हती!

इथे रांगेऐवजी 'हॅश टेबल' वापरलं असतं तर? हॅश टेबल म्हणजे असा कपाटांचा संच, जिथे वस्तूच्या क्रमांकावरूनच ती कुठल्या खणात असेल याचं गणित करता येतं. मग ती आहे की नाही, हे पाहायला तो एकच खण उघडावा लागतो. यार्डातही कंटेनर शोधायला कुणी रांगेने नंबर वाचत फिरत नाही. चार अक्षरं आणि सात आकड्यांचा कंटेनर क्रमांक संगणकात टाकला, की ब्लॉक, ओळ आणि थर समोर येतो.

दोन्ही चुका दुरुस्त केल्यावर त्या प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर सहा मिनिटांचा वेळ एक मिनिट ५० सेकंदांवर आला. रॉकस्टार कंपनीने मार्च २०२१ मध्ये ही दुरुस्ती गेममध्ये आणली आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं.

यादी ६३ वस्तूंची असती तर ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. साठवण्याची पद्धत लहान डेटावर चालते, म्हणून मोठ्या डेटावरही चालेल असं नसतं.

समजा, उरणच्या किनाऱ्यावर गेम बनवला तर?

आता एक कल्पना करून पाहू. मोरा, करंजा, पिरवाडी आणि घारापुरी असा परिसर असलेला मासेमारीचा एक गेम कुणाला बनवायचा आहे. नकाशा लांबी-रुंदीला हजार-हजार चौकटींचा, म्हणजे एकूण १० लाख चौकटी. प्रत्येक चौकटीत काहीतरी आहे: समुद्र, खाडी, खारफुटी, मिठागर, रस्ता, डोंगर. हा डेटा कसा साठवायचा?

पहिला मार्ग: प्रत्येक चौकटीसाठी शब्द लिहायचा. इथे मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बाइट हे डेटा मोजण्याचं एकक आहे. सध्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी तीन-तीन बाइट घेते. 'उरण' हा शब्द नऊ बाइटचा आणि 'पनवेल' १५ बाइटचा. 'समुद्र' हा शब्द १८ बाइट घेतो. १० लाख चौकटींत शब्द लिहिले, तर नकाशाच २० एमबीच्या आसपास जाईल.

दुसरा मार्ग: शब्दांऐवजी आकडे. समुद्र म्हणजे ०, खाडी म्हणजे १, खारफुटी म्हणजे २. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ही छोटी यादी एकदाच ठेवायची. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. त्यामुळे अख्खा नकाशा एक एमबीत बसतो. खेळाडूला स्क्रीनवर 'समुद्र' असा मराठी शब्दच दिसेल, तो फक्त १० लाख वेळा लिहिलेला नसेल.

तिसरा मार्ग: या नकाशात समुद्राच्या चौकटी सलग येणार. मग '०, ०, ०' असं चारशे वेळा लिहिण्याऐवजी '४०० वेळा ०' एवढंच लिहायचं. फाइल आणखी लहान होते. पण आता 'अमुक ओळीतली ७३२ वी चौकट कोणती' हे विचारलं, तर ओळीच्या सुरुवातीपासून मोजत यावं लागतं. म्हणून फाइल डाउनलोड करताना ही आवळलेली पद्धत वापरतात आणि खेळ सुरू झाल्यावर तोच नकाशा मोकळा करून मेमरीत ठेवतात. वर्षभराचा मसाला माळ्यावर बरणीत घट्ट भरलेला असतो आणि रोजचा मिसळणाच्या डब्यात, शेगडीजवळ. तोच हिशेब.

आता होड्या. नकाशा बदलत नाही, होड्या सतत हलतात. समजा हजार होड्या आहेत आणि कोणत्या दोन होड्या एकमेकींना धडकतील, हे पाहायचं आहे. होड्यांची साधी यादी असेल, तर प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करावी लागेल, म्हणजे ४,९९,५०० जोड्या. गेम सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. प्रत्येक चित्रासाठी मिळतात सेकंदाचे हजारातले जेमतेम १६ भाग. एवढ्या वेळात पाच लाख तुलना करायच्या, शिवाय बाकीचं सगळं काम. स्वस्त फोन तापणार आणि अडखळणार.

त्याऐवजी समुद्राचे मोठे चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात कोणत्या होड्या आहेत याची नोंद ठेवली, तर प्रत्येक होडीसाठी तिचा स्वतःचा आणि शेजारचे आठ असे नऊच चौकोन तपासावे लागतात. नोंदवही थोडी वाढते, काम मात्र कित्येक पटींनी कमी होतं. डेटा तोच, होड्या त्याच. बदलली ती फक्त मांडणी.

चौथा मार्गही आहे: काही गोष्टी साठवायच्याच नाहीत. १९८४ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी 'एलिट' हा गेम बनवला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ असे २,०४८ तारामंडलं होती. ज्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर तो चालायचा, त्याची मेमरी होती ३२ केबी. आज फोनमधला एक साधा फोटोही यापेक्षा मोठा असतो. त्यांनी तारामंडलांची यादी ठेवलीच नाही. अवघ्या सहा बाइटचं एक बी आणि त्यापासून पुढची तारामंडलं उगवण्याचा नियम ठेवला. नाव, जागा, व्यापार, सगळं हवं तेव्हा त्या नियमातून तयार व्हायचं. बी तेच असल्यामुळे उत्तरही दर वेळी तेच यायचं.

लुडोचा एक डाव किती जागेत मावतो?

हे सगळं परदेशातल्या मोठ्या गेमपुरतं आहे का? तर नाही. 'लुडो किंग' हा गेम नवी मुंबईतल्या गेमशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने बनवला. विकाश जयस्वाल यांनी उभ्या केलेल्या या कंपनीने तो २०१६ साली आणला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी तो खेळला गेला आणि त्याच वर्षात त्याच्या डाउनलोडने ५० कोटींचा टप्पा गाठला. इतके लोक एकदम पटावर बसले, की प्रत्येक डाव किती जागा घेतो याला किंमत येते.

पुढचं गणित लुडो या खेळाचं आहे, ते कुठल्याही लुडो ॲपला लागू होतं. एका सोंगटीच्या किती जागा शक्य आहेत? सुरुवातीचं घर ही एक जागा, पटाभोवतीच्या वाटेवर ५१, आतल्या रंगीत पट्टीत पाच आणि शेवटी पोचल्यावर एक. एकूण ५८. एका बाइटचे आठ भाग असतात, त्यांना बिट म्हणतात. सहा बिटमध्ये ६४ वेगवेगळे आकडे लिहिता येतात. म्हणजे एका सोंगटीला सहा बिट पुरतात. सोंगट्या १६, म्हणून ९६ बिट, म्हणजे १२ बाइट. कुणाची पाळी, फाशावर किती पडले, लागोपाठ किती सहा आले, हे सगळं आणखी एका बाइटमध्ये मावतं. लुडोचा अख्खा डाव १३ बाइटचा!

हाच डाव वाचता येईल अशा मजकुरात लिहिला, जशी आजकाल बहुतेक ॲपमध्ये जेसन नावाची पद्धत वापरतात, तर 'खेळाडू लाल, सोंगटी १, घर २३' अशा एका नोंदीला इंग्रजीत साधारण ४० बाइट लागतात. १६ सोंगट्यांचे ६४० बाइट. एकाच वेळी एक कोटी डाव चालू असतील, तर मजकुराच्या पद्धतीत ६.४ जीबी मेमरी लागेल आणि आवळलेल्या पद्धतीत १३० एमबी.

तिसरीही एक पद्धत आहे. पट साठवायचाच नाही, फक्त चाली लिहायच्या: कुणी कोणती सोंगटी किती घरं चालवली. जुन्या दुकानदारांना हा फरक सांगावा लागत नाही. रोजमेळात व्यवहार घडले त्या क्रमाने येतात आणि खतावणीत प्रत्येकाची बाकी दिसते. रोजमेळ असेल तर खतावणी पुन्हा लिहिता येते, पण त्याला वेळ लागतो. चालींची नोंद ठेवली तर डाव पुन्हा पाहता येतो, फसवणुकीची तक्रार तपासता येते. मात्र 'आत्ता पटावर काय आहे' हे लगेच हवं असेल, तर पटाची स्थितीही सोबत लागते. म्हणून बरेच गेम दोन्ही ठेवतात.

मग सगळंच दाबून बसवायचं का?

नाही. काटकसरीलाही किंमत असते. १९८० साली आलेल्या 'पॅक-मॅन' या गाजलेल्या गेममध्ये पातळी मोजायला एकच बाइट ठेवला होता. त्यात २५५ पर्यंतचेच आकडे मावतात. फार कुशल खेळाडू २५६ व्या पातळीवर पोचले, की आकडा उलटून शून्य व्हायचा आणि अर्धी स्क्रीन अर्थहीन चिन्हांनी भरून जायची. गेम तिथेच संपायचा. वाचवलेला एक बाइट तिथे महाग पडला.

लुडोचंही तसंच. पाळी कुणाची हे दोन बिटमध्ये लिहिलं, तर चार खेळाडू मावतात. उद्या सहा जणांचा पट काढायचं ठरलं, तर सगळी मांडणी बदलावी लागेल आणि जुने अर्धवट डाव नव्या ॲपला वाचता येणार नाहीत. म्हणून अनुभवी प्रोग्रामर फाइलच्या सुरुवातीलाच ती कुठल्या आवृत्तीची आहे, हे लिहून ठेवतात.

शिवाय प्रत्येक ठिकाणी बचत कामाची नसते. इंटरनेटवरून एक संदेश पाठवताना त्यावर पत्ता आणि इतर नोंदींचे सहसा ४० किंवा त्याहून जास्त बाइट लागतात. लुडोची चाल एका बाइटची असो की पाच बाइटची, पाकीट तेवढंच जड. तिथे रात्र घालवून चार बाइट वाचवण्यापेक्षा मजकूर वाचता येण्यासारखा ठेवणं जास्त उपयोगी. चूक शोधताना माणसालाच तो वाचायचा असतो.

माल तिथेच होता, यादी गेली

२७ जून २०१७ रोजी जगभर 'नॉटपेट्या' नावाचा सायबर हल्ला झाला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेव्याच्या जीटीआय टर्मिनललाही बसला. संगणक बंद पडले आणि काम हाताने करायची वेळ आली. यार्डातला एकही कंटेनर जागचा हललेला नव्हता. पण कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली, की भरलेल्या यार्डातून एक कंटेनर शोधणं किती अवघड होतं, हे त्या दिवसांत दिसलं.

गेमच्या डेटातही यादी म्हणजे अनुक्रमणिका हरवली किंवा बिघडली, की डेटा असून नसल्यासारखा. महिनाभर खेळून जमवलेली प्रगती साठवताना ऐन वेळी बॅटरी संपली, तर फाइल अर्धी नवी, अर्धी जुनी राहते आणि गेम ती उघडत नाही. यावर उपाय साधा आहे. नवी फाइल आधी वेगळी पूर्ण लिहायची, ती नीट लिहिली गेली की मगच जुनीच्या जागी आणायची. फाइलच्या शेवटी एक ताळ्याचा आकडा ठेवायचा, म्हणजे मजकूर बिघडला तर लगेच कळतं. कंटेनरच्या क्रमांकातला सातवा आकडा हेच काम करतो. आधीच्या अक्षर-आकड्यांवरून तो गणिताने काढलेला असतो. क्रमांक टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर ताळा जुळत नाही.

यात थोडी जागा जास्त जाते. पण ही जागा वाचवणं म्हणजे छत्री घरी ठेवून ओझं कमी करण्यासारखं आहे.

हे आत्ताच का महत्त्वाचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर या कायद्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या गेमना मात्र प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग, कॉमिक्स यांसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली.

पैशांच्या गेमचा रस्ता बंद झाल्यावर उरतात ते फुकट डाउनलोड होणारे, जाहिराती आणि छोट्या खरेदीवर चालणारे गेम. तिथे एका खेळाडूमागे मिळणारी रक्कम फार थोडी असते. सर्व्हरचं भाडं, वीज आणि डेटाचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. 'क्लाऊड' हा शब्द हवेतला वाटतो, पण तो असतो जमिनीवरच. उरणच्या शेजारी पनवेलमध्ये २०२० साली सुरू झालेलं योट्टाचं डेटा सेंटर हे त्याचंच एक रूप. तिथली जागा भाड्याने मिळते, यार्डातल्या जागेसारखीच. ज्याचा डाव १३ बाइटचा आणि ज्याचा ६४० बाइटचा, त्या दोघांची बिलं सारखी येणार नाहीत.

दुसरा प्रश्न खेळणाऱ्याचा. अनेक घरांत एकच फोन असतो, तोही ६४ जीबीचा. त्यातली बरीचशी जागा फोनची स्वतःची यंत्रणा, व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि व्हिडिओ घेतात. जागा संपल्याचा इशारा आला, की सगळ्यांत आधी काढून टाकला जातो तो गेम. मोठ्या कंपनीचा गेम लोक पुन्हा डाउनलोड करतात. नव्या, छोट्या स्टुडिओचा गेम एकदा गेला, की गेला. साठवणुकीचा आळस बनवणाऱ्याने केला, तरी त्याची किंमत आधी खेळणारा भरतो: जागेत, डेटा पॅकमध्ये आणि थांबण्यात.

मग निवड करायची कशी?

गेम बनवायला बसलेल्या कुणीही कोड लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर काढावीत.

एक, डेटा किती आहे आणि गेम चालला तर किती होईल? ६३ वस्तूंना जे चालतं, ते ६३ हजारांना चालत नाही.

दोन, तो कसा शोधला जाणार? क्रमाने वाचायचा असेल तर रांग पुरते. नावाने किंवा क्रमांकाने शोधायचा असेल तर हॅश टेबल. 'जवळ काय आहे' असं विचारायचं असेल तर चौकोनांची मांडणी.

तीन, तो किती वेळा बदलतो? न बदलणारा डेटा घट्ट आवळून ठेवता येतो. सतत बदलणारा मोकळाच ठेवलेला बरा.

चार, तो हरवला तर काय? जिथे खेळाडूची मेहनत साठवली आहे, तिथे दुसरी प्रत आणि ताळा हवाच.

आणि उत्तरं लिहून झाली, की मोजून बघायचं. 'हेलडायव्हर्स २' बनवणारे नवशिके नव्हते. कित्येक पट वेळ लागेल हा अंदाज त्यांनी स्वतःच्या गेमवर तपासला नव्हता आणि त्यापायी लाखो खेळाडूंच्या डिस्कवर १३१ जीबी अडकून पडले. जीटीएच्या कोडमधली चूक सापडली तीही मोजल्यावरच. मोजण्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. शिकण्यासाठी मिळणारी बहुतेक फुकट साधनं प्रोग्राम कुठे किती वेळ आणि किती मेमरी घेतो, हे सांगतात. गेम आपल्या नव्या फोनवर सुरळीत चालला, म्हणून थांबायचं नाही. घरातल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत भरलेल्या फोनवर तो चालवून बघायचा. खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात तसाच फोन असणार आहे.